अहिल्येच्या दोन सुट्ट्या

१५ सप्टेंबर, रविवार

माझ्या थोरल्या बहिणीचा, लतिकाताईचा फोन. ती अमेरिकेच्या पार पश्चिम टोकाला, बेलव्ह्यूला असते. रुपाली, म्हणजे तिची लेक, सतरा नोव्हेंबरला तिचं सहस्रचंद्रदर्शन करणार आहे. ताईनं आयुष्यात हजार पौर्णिमा पाहिल्या, त्याचा सोहळा. एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळायचं.

"शुभे, तू नसलीस तर मला ओवाळणार कोण? या पोरींना निरांजन धरताही येत नाही."

मी म्हटलं, "बघू."

"तुझं बघू म्हणजे नाही. मी काय आज ओळखते तुला?"

गुडघ्यांचं कारण सांगितलं. पण गुडघ्यांना काय, ते बसूनच असतात विमानात. खरं कारण वेगळं आहे. तीन वर्षांपूर्वी नागपूरहून एकटी इथे आले तेव्हा वाटेत विमान बदलताना चुकले. पुढचं विमान निघून गेलं आणि मी त्या परक्या विमानतळावर एका खुर्चीत पदर तोंडाला लावून रडत बसले. दुधानं तोंड पोळलं की ताकसुद्धा फुंकून प्यावं. एकटीनं विमानात पाऊल टाकायचं नाही, असं तेव्हाच ठरवलं.

परीक्षितच्या ऑफिसात नेमकं त्याच शनिवार-रविवारी काहीतरी रिलीज आहे. म्हणाला, "आई, व्हिडिओवर बघ ना, एचडीमध्ये दिसेल." व्हिडिओवरून ओवाळता येत नाही, हे या इंजिनिअरांना कोण सांगणार.

अहिल्या तिथेच उभी राहून माझ्या नातीसाठी, नीनासाठी सफरचंद चिरत होती. माझी सून. विमान चालवते. तिला मी विचारलंच नाही, कारण तिचं उत्तर मला पाठ आहे. तीही "बघू, आई" म्हणते.

निदान वाती तरी माझ्या हातच्या जाव्यात, म्हणून संध्याकाळी कापूस काढून बसले. पोस्टानं पाठवीन.

२१ सप्टेंबर, शनिवार

सुनेचं "बघू" मला पूर्वी फार खटकायचं. वाढदिवसाला येशील का? बघू. गणपतीला घरी आहेस का? बघू. वाटायचं, इथे जन्मलेली, डेट्रॉइटकडे वाढलेली मुलगी, हिला शब्द द्यायची सवयच नाही. आता कळतं. अहिल्या या कंपनीत येऊन जेमतेम दहा महिने झाले. नव्या पायलटला ठरलेली उड्डाणं मिळत नाहीत, तो रिझर्व्हवर. कुणी आजारी पडलं, कुठे वादळ झालं, कुणाचे कामाचे तास संपले, की हिला फोन. शॉर्ट कॉल असेल त्या दिवशी फोन आल्यापासून दोन तासांत ओहेअर विमानतळावर हजर. फोन वाजेल की नाही, विमान डेन्व्हरला जाईल की बॉस्टनला, पोरगी रात्री घरी झोपेल की हॉटेलात, काही सांगता येत नाही. सुट्टीचे दिवस तेवढे हक्काचे, पण तेही जुन्या लोकांनी निवडून उरलेले. शनिवार-रविवार हिच्या वाट्याला येतो कुठला!

नीना सहा वर्षांची, पण तिला सगळं ठाऊक. मी हाक मारली की सांगते, "आजी, श्श. मम्मा इज ऑन शॉर्ट कॉल." जशी काही घरात पूजा चालू आहे.

फोन अंघोळीला जातानासुद्धा बरोबर. प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेते. दाराशी काळी बॅग भरून ठेवलेली, तिला हात लावायची कुणाला परवानगी नाही. परवा मी केर काढताना सरकवली तर तिनं हळूच येऊन पुन्हा होती तिथे ठेवली.

मला याचं नवल वाटायला नको. मी आणि ताई दोघी नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होतो. कानाला हेडफोन आणि समोर भोकांचा बोर्ड. वाजलेला फोन न उचलणं हे माझ्या हाडात नाही. पण आम्ही दुसऱ्यांचे फोन जोडायचो. स्वतःच्या फोनची अशी वाट बघत आयुष्य काढायचं, म्हणजे कमाल आहे या मुलीची.

२ ऑक्टोबर, बुधवार

अहिल्या चार दिवसांनी घरी आली. डेन्व्हरवर विजा होत्या म्हणे. मी विचारलं, "मग काय केलंस गं?"

"काही नाही आई. थांबलो. मग लाँग वे घेतला. लोक खूप चिडले."

"तुला वाईट नाही वाटलं?"

"चिडले तर चिडले. चिडायला पोचले ना सगळे!"

एवढं बोलून वरणभात कालवायला लागली. मी तिच्याकडे बघतच राहिले. माझ्या मुलाला साधं गिऱ्हाइकाचं ईमेल कडक आलं तर तो दोन दिवस जेवत नाही.

एकोणतीस वाती झाल्या.

५ ऑक्टोबर, शनिवार

आज अहिल्येची सुट्टी होती. चक्क शनिवारची. नीनाला घेऊन भोपळ्यांच्या शेतावर जायचं ठरलं होतं. नऊला फोन वाजला. मी म्हटलं, "सुट्टी आहे ना तुझी? नको उचलूस."

तिनं उचलला. "येस. आय विल टेक इट," म्हणाली आणि वर जाऊन युनिफॉर्म चढवून खाली आली.

"प्रीमियम ट्रिप आहे, आई. माणसं कमी पडली की सुट्टीवाल्यांना विचारतात. डबल पे."

नीना सोफ्याच्या मागे जाऊन बसली. मला राग आला आणि मी तो लपवला नाही. "पैसा उद्याही मिळेल. भोपळे नासतात," म्हटलं.

बुटाची नाडी बांधता बांधता ती म्हणाली, "पैशासाठी नाही जात. म्हणजे, पैसे मिळतील. पण गेलेली सुट्टी परत मिळते ना, पेबॅक डे. माणसं पुरेशी असली तर मला हव्या त्या दिवशी मागता येते."

"म्हणजे आमची बदली सुट्टी."

"बदली सुट्टी," तिनं घोळवून म्हटलं. तिला शब्द आवडला. "आणि त्या दिवशी मला कुणी कॉल नाही करू शकत. ॲट ऑल."

"मग कुठे ठेवणार ती?"

"बघू."

भोपळे आणायला मी आणि परीक्षित गेलो. नीनानं सगळ्यात मोठा निवडला आणि गाडीत त्याला सीट बेल्ट लावला.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

आजही तेच. सुट्टी, फोन, "आय विल टेक इट." श्रीखंड-पुरी उभ्याउभ्या खाल्ली. आपट्याची पानं इथे कुठली, मी अंगणातल्या मेपलची पिवळी पानं आणून ठेवली होती. जाताना एक पान तिनं टोपीत सरकवलं. "सोनं घेऊन चाललेय, आई."

दारातून परीक्षितला दोन बोटं दाखवली. दोन बदली सुट्ट्या जमल्या असणार. दोघं कुठेतरी फिरायला जायचं ठरवत असतील. जावं. लग्नाला आठ वर्षं झाली, सलग दोन दिवस एकत्र काढलेले मी तरी पाहिले नाहीत. नीनाला मी सांभाळीन.

ताईचा पुन्हा फोन आला होता. मी पुन्हा "बघू" म्हटलं. फोन ठेवल्यावर फार ओकंबोकं वाटलं. परीक्षित दीड वर्षाचा असताना त्याला टायफॉइड झाला होता. तेव्हा माझ्या सगळ्या रात्रपाळ्या ताईनं केल्या. दिवसा स्वतःची ड्यूटी, रात्री माझी. बदली म्हणून एकही दिवस माझ्याकडून परत घेतला नाही. मी विचारलं की म्हणायची, "राहू दे, म्हातारपणी देशील." आता म्हातारपण आलं, आणि मी तिला कापसाच्या वाती पोस्टानं पाठवणार.

२१ ऑक्टोबर, सोमवार

काहीतरी शिजतंय या घरात, आणि ते मी शिजवलेलं नाही.

गेल्या आठवड्यात अहिल्येनं विचारलं, "आई, विमानात तुमचे कान दुखतात का?" मग दोन दिवसांनी, "तुमचा जाड स्वेटर कुठला, करडा की निळा?" काल रुपालीशी अर्धा तास बोलत होती. कशाला, विचारलं तर "पुरणपोळीची रेसिपी." हिला चहाला आधण ठेवता येत नाही. पुरणपोळी करणार!

आणि आज स्वयंपाकघरात येता येता ऐकलं. ती परीक्षितला सांगत होती, "आईंना आत्ता नको सांगूस. सीट्स नाही मिळाल्या तर उगाच होप्स वाढतील."

मी पाय वाजवत आत गेले. दोघं एकदम फ्रिजकडे वळले.

माझ्या लक्षात आलं. नागपूरला पाठवायचंय मला. तिकीट बघतायत. स्वेटर कशाला, तर डिसेंबरात नागपूरला थंडी असते. एकटी जाणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून दोन सुट्ट्या जमवल्या. सोडायला येणार असेल तिकडच्या विमानापर्यंत.

वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. पण रागवता येईना. ही पोरगी चार-चार दिवस हॉटेलात झोपते आणि घरी येते तर सासू पोळीला तूप लावू की नको विचारत मागे फिरते. तिला स्वतःच्या घरात जरा मोकळं बसावंसं वाटलं तर त्यात तिचं काय चुकलं? आणि होप्स म्हणाली. मला नागपूरची आस लागलीय, असं तिला वाटतंय. मनानं चांगलीच आहे.

२३ ऑक्टोबर, बुधवार

झालं ते सगळं लिहिते.

नीनाला काल रात्री ताप होता. अहिल्या रात्रभर जागी, कपाळावर पट्ट्या ठेवत. सकाळी ताप उतरला, नीना हट्टानं शाळेत गेली. अहिल्या दहापासून शॉर्ट कॉलवर. सोफ्यावर बसल्याबसल्या तिला झोप लागली, हातात फोन तसाच. इतकी गाढ झोपली होती की तोंड उघडं पडलेलं.

मला दया आली. मनात म्हटलं, तीस वर्षं बोर्डावर काढलीस, शुभे, एक फोन सांभाळता येत नाही तुला? फोन हळूच काढून घेतला, बाजूचं बटण खाली करून आवाज बंद केला आणि स्वयंपाकघरात टेबलावर समोर ठेवला. दिवा लागला की मी उचलेन, "वन मिनिट प्लीज" म्हणेन, आणि तिला उठवेन. तोवर पोर झोपेल. तिला कुठे बोलावतात तेही ऐकेन. एक्स्चेंजमध्ये याहून सोपं काम नव्हतं.

आणि तो फोन मी दोन तास डोळ्यांत तेल घालून बघितला. डाळ फोडणीला टाकली तीसुद्धा मान वळवून.

तेवढ्यात शाळेतून माझ्या फोनवर निरोप, नीनाला पुन्हा कणकण आहे, घेऊन जा. परीक्षित वर मीटिंगमध्ये होता, तो खाली आला नि गाडी काढली. मी त्याच्याबरोबर धावले. पोर मला बघितल्याशिवाय गाडीत बसत नाही. टेबलावरचा फोन टेबलावरच राहिला.

परत आलो तर अहिल्या स्वयंपाकघरात उभी, फोन कानाला. कंपनीनं तीनदा फोन केला होता. ती म्हणत होती, "नो एक्स्क्यूज. माय फोन वॉज ऑन सायलेंट. दॅट्स माय मिस्टेक." एवढंच. सासूचं नाव नाही, पोरीच्या तापाचं नाव नाही.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

ती फोन ठेवेपर्यंत मी झारा हातात घेऊन उभी होते. म्हटलं, "अहिल्या, मी केलं ते. तू झोपलीस म्हणून."

"मला माहितेय, आई. तो टेबलावर कसा जाईल?" मग खुर्ची ओढून बसली. "पण झोप मला लागली. फोन माझा आहे. दॅट्स ऑन मी."

मी रडायला लागले तर उठून मलाच पाणी दिलं. पहिलं वर्ष पुरं होईपर्यंत त्यांना हिला कारण न देता काढता येतं, हे मला परीक्षितनं नंतर सांगितलं. संध्याकाळी ती गॅरेजमध्ये गेली आणि गाडीत नुसती बसून राहिली. गाडी सुरू नव्हती.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

त्या दिवशी ती ड्यूटीवर सापडली नाही, म्हणून दोन बदली सुट्ट्यांतली एक कंपनीनं कापली. सोमवारी साहेबांनी बोलावलंय.

मी म्हटलं, "सुट्टी गेली तर जाऊ दे. नोकरी राहिली म्हणजे झालं." अहिल्येनं माझ्याकडे बघितलं. मग "हो, आई," म्हणाली. परीक्षित उठून बाहेर गेला. माझं काय चुकलं कळेना.

२८ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी नेसून तयार झाले. अहिल्येनं विचारलं, "कुठे?"

"तुझ्या साहेबांकडे. मी सांगते त्यांना. माझी तीस वर्षांची सर्व्हिस आहे. ऑपरेटरची चूक असली तर सबस्क्रायबरला दंड नाही लावत कुणी."

ती किती दिवसांनी खळखळून हसली. "आई, तुम्ही आलात तर मला दुसरी मीटिंग लागेल, तुमच्यावर!"

एकटीच गेली. मी देवापाशी बसून वाती वळत राहिले. एक्याहत्तरवर आले तेव्हा गाडी वाजली. घरात आली ती सरळ देवघरातच, बूट काढून.

"वॉर्निंग. नोकरी आहे."

"काय विचारलं त्यांनी?"

"का झालं म्हणून. मी म्हटलं, आय फेल अस्लीप. ते म्हणाले, बरेच लोक इथे येऊन काही ना काही स्टोरी सांगतात."

मग माझ्याशेजारी बसून कापूस हातात घेतला. "मला शिकवा." तिनं वळलेली वात म्हणजे काय सांगावं, मधे फुगलेली आणि टोकाला शेपूट. या हातांनी विमान उतरवते. मी ती वात डब्यात ठेवून दिली. काढवेना.

३१ ऑक्टोबर, गुरुवार, नरक चतुर्दशी

यंदा हॅलोविन आणि पहिली अंघोळ एकाच दिवशी. पहाटे नीनाला तेल-उटणं लावलं, तेव्हा अहिल्या घरी होती. आज तिला सुट्टी. नीनाला रस्त्यावरचा नारिंगी सुळका व्हायचं होतं, तो, गाड्या थांबवायला ठेवतात तो. परी नाही, राजकन्या नाही, सुळका. महिनाभर मी शिवत होते. आईबरोबर घरोघरी जायचं म्हणून तिनं बाबाला आधीच नकार देऊन ठेवला होता.

दुपारी फोन वाजला.

अहिल्या उचलून खिडकीशी गेली. नीनाकडे बघितलं. सुळका घालून ती आरशासमोर उभी होती. मग "ओके. आय विल टेक इट."

मला राहवलं नाही. "वेड लागलंय का तुला? आत्ता कुठे नोकरी वाचली. कशाला हवी ती सुट्टी? असं कुठे जायचंय तुम्हाला?"

तिनं टोपी उचलली. नीनासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. मला वाटलं आता भोकाड. पण नीना माझ्याकडे वळून बघत होती, डोळे मोठ्ठे करून. मग आईच्या टोपीला हात लावून म्हणाली, "ओके. बट यू ओ मी वन हॅलोविन."

मी आणि परीक्षित तिला घेऊन हिंडलो. थंडी मरणाची. प्रत्येक दारात विचारत, "अँड व्हेअर इज युअर मॉम?" नीना सांगे, "अर्निंग अ डे." लोकांना वाटे, पोर चुकून काहीतरी बोलते. मलाही वाटलं.

रागावले आहे, पण एक लिहून ठेवते. आई निघून गेल्यावर ज्या मुलीला रडू येत नाही, तिच्या आईनं तिला कधी खोटं सांगितलेलं नसणार.

२ नोव्हेंबर, शनिवार, पाडवा

अहिल्या परवा दुपारची गेलेली आज दुपारी आली. परीक्षितला ओवाळलं. मी सुचवलं, यंदा परीक्षितनं पण हिला ओवाळावं. त्यानं ओवाळलं. ताम्हन वाकडं धरलं होतं, अक्षता सगळ्या कार्पेटवर.

एक्याऐंशी वाती झाल्या. डबा भरून ठेवला. पोस्टात टाकायला परीक्षितला तीनदा सांगितलं, तीनदा विसरला. एवढा विसराळू नव्हता.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

जेवणं चालली होती. अहिल्येचा फोन टेबलावर गुरगुरला. आम्ही सगळेच दचकलो, माझ्या हातून आमटीची वाटी कलंडली. तिनं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि फोन परीक्षितच्या हातात दिला. तो म्हणाला, "अप्रूव्ह्ड? दोन्ही?"

नीनानं टाळ्या वाजवल्या. "कॅन आय टेल हर? प्लीज, प्लीज?"

मला वाटलं, आलं नागपूर. आमटी पुसत म्हटलं, "सांगा की. मला माहितेय सगळं. माझी बॅग भरायला दोन तास पुरतात. मी काही मनात धरलेलं नाही."

नीनाच्या टाळ्या थांबल्या.

"आई," अहिल्या म्हणाली, "शनिवार आणि रविवार. आपण दोघी. लतिकामावशींकडे."

मी पुसायचं थांबले.

ती सांगत होती, मी ऐकत होते, पण मागचं एकेक डोळ्यांसमोर येत होतं. भोपळ्यांचा शनिवार. दसऱ्याची पुरी. कानांचं, स्वेटरचं, रुपालीची पुरणपोळी. स्टाफच्या घरच्यांना सीट रिकाम्या असल्या तरच मिळतात, आणि पेबॅक डेसुद्धा शेवटच्या क्षणापर्यंत मंजूर होईल की नाही सांगता येत नाही, म्हणून ती बोलली नव्हती. "मी प्रॉमिस करून मग कॅन्सल केलं असतं, तर तुम्ही परत कधी हो म्हटलं नसतं."

"आणि तो कापलेला दिवस?" मी विचारलं. "माझ्यामुळे गेला तो?"

"तो या रविवारसाठी ठेवलेला होता," परीक्षित म्हणाला. अहिल्येनं त्याला डोळ्यांनी दटावलं.

म्हणजे मी तिची झोप राखायला गेले आणि माझ्याच बहिणीचा दिवस बुडवला. तो दिवस हिनं सुळक्याची हॅलोविन मोडून परत मिळवला. आणि मी तिला तोंडावर विचारलं होतं, कशाला हवी ती सुट्टी म्हणून. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मी उठून नीनाला जवळ घेतलं. म्हटलं, "तुला तेव्हाच माहीत होतं?"

"मम्मा सेड इट्स फॉर आजीज सिस्टर." मग थोडा विचार करून, "यू कॅन ब्रिंग मी कँडी."

रात्री ताईला फोन केला. ती म्हणाली, "आता काय, बघूच ना?" मी म्हटलं, "येते." तिनं पलीकडून रुपालीला ओरडून सांगितलं, निरांजनं घासायला काढ.

१६ नोव्हेंबर, शनिवार, विमानात

सकाळचं पहिलं विमान भरलेलं निघालं. आम्ही दोघी काचेतून त्याला जाताना बघत बसलो. मी तिला विचारलं, "दुसरं मिळेल का गं?" ती म्हणाली, "बघू." दोघींनाही हसू आलं.

त्याआधी तपासणीत माझा डबा उघडला होता. त्या बाईनं वाती चिमटीत धरून विचारलं, हे काय. अहिल्या म्हणाली, "कॉटन. फॉर हर सिस्टर्स बर्थडे." बाईनं एक वात उजेडात धरली. नेमकी फुगलेली, शेपटीची. ती परत आत ठेवताना अहिल्या लाजली. पहिल्यांदाच पाहिलं तिला लाजताना.

दुसऱ्या विमानात दोन सीट मिळाल्या. अगदी शेवटच्या रांगेत, संडासाला लागून, पण शेजारी-शेजारी. अहिल्या जीन्समध्ये. पुढच्या रांगेतला गृहस्थ बॅग वर ठेवताना तिला म्हणाला, पहिलीच वेळ असेल तर घाबरू नको. ती "थँक यू" म्हणाली. मला तोंड दाबून धरावं लागलं. सगळ्या विमानाला उठून ओरडून सांगावंसं वाटत होतं, ही माझी सून आहे म्हणून.

दार लावायच्या आधी तिनं फोन काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"आई, बंद करा."

"मी?"

"हो. तुम्हाला छान जमतं."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. नाक पुसून म्हटलं, "नक्की ना? नंतर मला बोल लावशील."

"पेबॅक डे आहे. आज-उद्या मला बोलवायचा कुणाला हक्कच नाही." आणि सीटवर मान टेकली. विमान वर चढताना खाली काहीतरी धडधडलं, मी तिचं मनगट घट्ट पकडलं. डोळे मिटूनच म्हणाली, "चाकं आत गेली, आई. आता..." आणि पुढचं वाक्य झोपेत गेलं. डोकं माझ्या खांद्यावर आलं. महिनाभराची झोप असावी ती.

खांदा अवघडलाय, म्हणून अक्षर वाकडं येतंय. फोन पर्समध्ये वातींच्या डब्याखाली ठेवलाय, बंद करून. दोनदा काढून तपासला. ट्रंक कॉल लागला नाही की एक्स्चेंजमधून आम्ही एकच वाक्य सांगायचो. आज हिच्यासाठी कुणी विचारलं तर तेच सांगणार आहे. पार्टी उत्तर देत नाही. सोमवारी प्रयत्न करा.